तुमाले कसं मालूम? (गोष्टीतला 'मी', 'तो' आणि बैलबाजार)

झडतीवाला

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण जरा लाजिरवाणं आहे पण सांगतोच.

महिनाभरापासून एक गोष्ट लिहून राहिलो, एका दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून. विषय आमच्या घरचाच. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा पोळा झाल्यावर पंधरा दिवसांत बाबांनी बैल विकला. गौळाऊ होता, पांढराशुभ्र, आमच्या आर्वीकडं तेव्हा गौळाऊच दिसायचे. पहाटे बाबा त्याला घेऊन बाजारात गेले आणि दिवेलागणीला नुसतं दावं हातात घेऊन परत आले. बस एवढीच गोष्ट.

सुरुवात 'मी' नं केली. मी ओट्यावर बसलो होतो, मी पाहिलं, मी विचारलं, असं. मग मधे बाजाराचा मोठा प्रसंग लिहिला. बाबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला, त्यांचा गळा दाटून आला, दलालानं बैलाचं तोंड उघडून दात पाहिले तेव्हा बाबांना वाटलं की आपलेच दात कोणी मोजून राहिलं. हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मी स्वतःवरच खुश होऊन दोन चहा पिलो. शेवटी बाबा न जेवता झोपतात, संपली गोष्ट.

बायकोला वाचून दाखवली. ती भाकरी थापून राहिली होती. बाजाराचा प्रसंग आला तसा तिनं तवा खाली उतरवला अन् म्हणाली, "तुमी गेलते का बाजारात?" म्हटलं नाही, मी घरीच होतो. "मंग तुमाले कसं मालूम?"

तेव्हापासून पेन बंद आहे. आता तुम्ही सांगा, 'मी' गोष्ट सांगत असेल तर बापाच्या मनातलं लिहायचंच नाही का? का सगळ्या 'मी' चं 'तो' करून टाकू?

चहा_कमी_साखर

आधी वहिनींना त्या दिवाळी अंकाच्या संपादक करा.

तुरीचं_कुटार

बैलाचं नाव काय होतं?

मास्तरीणबाई

वहिनींनी जो प्रश्न विचारला ना, तो आम्ही बीएला वर्षभर शिकवायचो आणि पोरांच्या डोक्यात शिरायचा नाही, त्यांनी तवा उतरवता उतरवता विचारला.

पहिली गोष्ट, लेखक वेगळा आणि निवेदक वेगळा. लेखक म्हणजे तुम्ही, वीजबिल भरणारे. निवेदक म्हणजे गोष्टीत जो बोलतो तो. 'मी' असला तरी तो तुम्ही नाही, तो तुम्ही उभा केलेला माणूस आहे. कोसला वाचून कित्येक जण नेमाड्यांनाच पांडुरंग सांगवीकर समजून बसले, तसं होतं. आता हा 'मी' उभा केला की त्याच्यासोबत त्याच्या डोळ्यांची कुवतही येते. तो जिथं होता तेवढंच त्याला दिसणार, जे कानावर आलं तेवढंच ऐकू येणार. ओट्यावर बसलेल्या नऊ वर्षांच्या पोराला आठ कोसावरचा बाजार दिसत नाही.

'तो' केलं की आपोआप सुटका होते असं मात्र समजू नका. तृतीयपुरुषीतही दोन तऱ्हा. एक म्हणजे सर्वज्ञ निवेदक, ह्याला बापाच्या मनातलंही कळतं, पोराच्याही, दलालाच्याही, हवं तर बैलाच्याही. दुसरा असा की 'तो' म्हणतो खरा पण एकाच माणसाच्या पाठीला चिकटून चालतो, तो माणूस खोलीबाहेर गेला की आपणही बाहेर. उद्धव शेळक्यांची धग (१९६०) पाहा, त्यातली कौतिक स्वतः 'मी' म्हणून कुठं सांगत नाही, तरी आपण बहुतेक वेळ तिच्याच चुलीजवळ बसलेलो असतो.

एकाहून जास्त 'मी' ही चालतात. खांडेकरांच्या ययातीत (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू सांगतात. मृत्युंजयमध्ये (१९६७) तर कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे सहा जण. पण तिथं प्रकरण बदलताना सांगितलेलं असतं की आता बोलणारा बदलला. तुमच्या गोष्टीत तुम्ही न सांगता ओट्यावरून उठून बापाच्या डोक्यात जाऊन बसले. वहिनींना तेच खटकलं.

काळी_माती

मला हे पटत नाही मॅडम. हे सगळं विद्यापीठातलं खूळ आहे. माझी आजी निरक्षर होती, रात्री अंगणात बाजेवर पडून गोष्टी सांगायची, त्यात राजाच्या मनातलं सांगायची, राक्षसाच्या मनातलं सांगायची, झाडावरच्या राघूच्या मनातलंही सांगायची. आम्ही आठ दहा पोट्टे. एकानंही कधी विचारलं नाही की आजी तुला कसं मालूम. विचारलं असतं तर मुस्काटात बसली असती.

मास्तरीणबाई

कारण आजी सुरुवातच "आटपाट नगर होतं" अशी करत असेल. तिथंच ठरलं की सांगणारा त्या गावचा नाही, तो वरून पाहतोय, त्याला सगळं माहीत असणार. आजीनं जर "मी लहान होती तवाची गोठ" म्हणून सुरुवात केली असती आणि मग राघूच्या मनातलं सांगितलं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं, काय आजी फेकतेस.

काळी_माती

हम्म. विचार करतो. पटलं असं नाही म्हटलेलं.

बैलबाजार_रिटायर

भौ, तुमचं थे निवेदक फिवेदक मले नाई समजत, पन बाजारातलं सांगतो कारन तुमी तिथी गेलते नाई अन् मी गेलतो.

मी लहान असतानी बुढ्यासंग लई बाजार पायले. तवा भाव तोंडानं नसे होत. दलाल अन् गिऱ्हाईक एकमेकाचा हात धरत, वरून दुपट्टा टाकत, अन् दुपट्ट्याखाली बोटायनं भाव चाले. किती बोटं दाबली थे त्या दोघायलेच मालूम. आमी पोट्टे चहूबाजूनं उभे. आमाले काय दिसे? दुपट्टा हालते एवढंच दिसे. तोंडानं दोघंबी भलतंच बोलत, पानी पडलं का, पऱ्हाटी कशी हाये, अन् खाली बोटं चालू. मधीच एकाचा हात झटक्यानं बाहेर ये, म्हंजे सौदा फिसकटला. मंग दलाल त्याले चार पावलं जाऊ दे, अन् पुन्हा धरून आने.

एक खेप माह्या बुढ्यानं बैल इकला, तवा मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. तोंडावर काईच नाई. माशी बसली तं माशी हाकलली. घरी आल्यावर आईले सांगतलं का हजारानं कमी आला. मले वाटलं आता हा रडन बिडन. नाई रडला. बिडी पेटवली.

म्हून म्हनतो, तुमी जे लिवलं का गळा दाटून आला, थे बाजारात कोनाले दिसलं असतं का? नसतं दिसलं. बाजारात गळा दाटला तं भाव पडते.

चहा_कमी_साखर

"बाजारात गळा दाटला तं भाव पडते." काका हे मी स्टेटसला टाकू का?

बैलबाजार_रिटायर

टाक. फुकट हाये.

पुण्यातला_वऱ्हाडी

काका तुम्ही म्हणता निवेदक समजत नाही आणि तुम्हीच सगळं सांगून टाकलं. थांबा, मी त्याच दुपट्ट्यावरून लिहून पाहतो, ऑफिसात बसून करायला काम नाही म्हणून.

एक, बाहेर उभा पोरगा: "दुपट्टा दोनदा हालला. बाबा म्हणाले, औंदा पाऊस बरा आहे. दलाल म्हणाला, बरा आहे. मग बाबांचा हात बाहेर आला, तो त्यांनी धोतराला पुसला." इथं मनातलं काहीच नाही, नुसता कॅमेरा, तरी हात पुसला म्हटल्यावर आपल्याला काहीतरी कळतंच.

दोन, बापाचा 'मी': "त्यानं माझं मधलं बोट दाबलं. मी मान हालवली. पुन्हा दाबलं. त्याची नखं वाढलेली होती." आता आपण दुपट्ट्याखाली आलो, पण एकाच हाताच्या बाजूनं. दलालाच्या मनात किती आहे ते आपल्यालाही नाही माहीत, म्हणून आपणही बापासारखेच टांगलेले.

तीन, सर्वज्ञ: "महादबाला वाटत होतं की तो चार बोटांवर अडेल. दलालाच्या मनात मात्र पाच होती, आणि बैलाला तहान लागली होती." इथं वाचकाला बापापेक्षा जास्त कळलं. आता ताण वेगळा. मघाशी आपण 'काय होईल' म्हणत होतो, आता 'अरे थांब ना एक मिनिट' म्हणतो.

प्रसंग तोच, बैल तोच. दुपट्ट्याच्या कोणत्या बाजूला वाचकाला उभं करायचं एवढंच लेखकानं ठरवायचं.

तुरीचं_कुटार

तिसऱ्यातला बैल आवडला. त्याचं नाव काय?

लिंबाखालची

थोडं अवांतर. बैल विकला की दावं परत आणतात हे कुठलं? आमच्या दर्यापूरकडं दाव्यासकट देतात.

झडतीवाला

आमच्याकडं दावं वेसण काही देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आपलं दावं गेलं तर गोठ्यातली बरकत गेली असं आजी म्हणायची.

लिंबाखालची

अच्छा. आमच्याकडं बरकत तशीही राहिली नाही, सोयाबीनचा भाव पाहिला का आज?

चहा_कमी_साखर

सोयाबीनचा वेगळा धागा आहे, तिथं जाऊन रडा. मी पण तिथंच आहे.

पंच_नंबर_दोन

मी कधी गोष्ट लिहिली नाही पण सहीवर भरपूर गोष्टी केल्या आहेत. सांगतो.

गाव सांगत नाही, साल पण सांगत नाही. गारपीट झाली, नुकसानीचे पंचनामे होते. मला पंच म्हणून बोलावलं. बोलावलं म्हणजे टपरीवरच. कागद आधीच लिहून आणलेला. त्यात लिहिलं होतं, "आम्ही पंच समक्ष हजर राहून सदर शेताची पाहणी केली असता असे दिसून आले की..." मी म्हटलं शेत कोणतं? तर म्हणाले सही करा, शेत तुमच्या ओळखीचंच आहे. मी सही केली. चहा पिलो. त्या कागदात 'आम्ही' आहे, 'समक्ष' आहे, 'दिसून आले' आहे, सगळं प्रथमपुरुषी, आणि आम्ही शेतात पायही ठेवलेला नाही.

तर मास्तरीणबाई, असा 'मी' जो छातीठोक सांगतो पण खरं सांगत नाही, त्याला तुमच्यात काय म्हणतात?

मास्तरीणबाई

त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. आणि साहित्यात तो फार मानाचा समजतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

पण खरंच, ह्यात एक बारीक गोम आहे. गोष्टीतला असा निवेदक मुद्दाम खोटं बोलतोच असं नाही. कधी तो लहान असतो म्हणून त्याला अर्थ लागत नाही, कधी रागात असतो, कधी स्वतःला वाचवत असतो. लेखक हळूच मागून खुणा ठेवत जातो, म्हणजे वाचकाला कळतं की हा सांगतो तसं नसणार. तुमच्या पंचनाम्यात 'टपरीवरचा चहाचा डाग' ठेवला असता तर ती कथा झाली असती.

पंच_नंबर_दोन

डाग होता. खरंच होता.

झाडीपट्टीचा_पडदा

वडसा, देसाईगंज. दिवाळीनंतर आमचा सीझन, रात्र रात्र नाटकं. आमच्याकडं तर सांगणाराच नसतो, जे आहे ते समोर, मग बापाच्या मनातलं पोचवायचं कसं?

मी एकदा असाच शेतकरी बाप करत होतो. लेखकानं लिहून दिलं होतं, "हे देवा, माझ्या काळजाचे तुकडे होऊन राहिले." मी पहिल्या खेळाला जीव तोडून म्हटलं. मागून एक म्हातारा ओरडला, "वेचून घे!" अख्खा मंडप हसला. दुसऱ्या गावी मी ते वाक्य गिळलं, आणि नुसता दोराला गाठी मारत बसलो. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. मंडपात आवाज नाही. बाया पदर डोळ्याला लावून राहिल्या. लेखक माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

झडतीवाले भाऊ, तुमच्या गोष्टीत दावं आहेच. मन कशाला पाहिजे?

पुण्यातला_वऱ्हाडी

सहमत, पण मग कादंबरी कशाला वाचायची? माणसाच्या डोक्यात शिरता येतं ही कथेची एकट्याची मिरास आहे, नाटक सिनेमाला ते इतकं सोपं नाही. आणि त्याला दरवेळी "त्याला वाटलं" असंही लिहावं लागत नाही. हे पाहा: "बाबा परत निघाले. आठ कोस. दावं काय करायचं आता? टाकून द्यावं नाल्यात." शेवटची दोन वाक्यं कोण बोललं? निवेदक का बाबा? दोघंही. मराठीत हे फार सहज जमतं, आपण बोलतानाही असंच करतो.

ओंबी

मी फक्त वाचत होते, पण एक विचारायचं आहे. 'मी' लिहिताना भाषा कोणती? नऊ वर्षांचा आर्वीचा पोरगा "माझ्या मनात कालवाकालव झाली" म्हणेल का? तो म्हणेल "मले कसंतरीच झालं". झडतीवाल्यांनी गोष्ट शुद्ध पुस्तकी लिहिली आहे असं वाटतं. मग तो 'मी' नऊ वर्षांचा राहिलाच कुठं.

मास्तरीणबाई

ओंबी, शाब्बास. मी हे विसरले होते. 'मी' एक नसतो, दोन असतात. एक ज्याच्यावर बेतलं तो, नऊ वर्षांचा. दुसरा आज सांगणारा, चाळीस पन्नाशीचा. पहिल्याला दिसलं जास्त आणि कळलं कमी, दुसऱ्याला कळतं जास्त पण आठवतं कमी. लेखकानं दोघांपैकी कोणाला बोलू द्यायचं, किती वेळ, ह्यावर सगळी गोष्ट फिरते.

आणि मराठीत अजून एक भानगड. इंग्रजीत 'मी आलो' का 'मी आले' हे लपवता येतं, आपल्याकडं क्रियापद लगेच चुगली करतं. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी करमणूक पत्रात १८९० पासून छापायला घेतली, ती सगळी यमूच्या तोंडून. पानोपानी 'मी गेलें, मी रडलें', आणि लिहिणारा पुरुष. एकही क्रियापद घसरलं की सोंग उघडं पडणार.

झडतीवाले, एक प्रश्न विचारते, राग मानू नका. ते "आपलेच दात कोणी मोजून राहिलं" हे वाक्य. हे नऊ वर्षांच्या पोराचं नाही. बाबांचं असेल असंही मला वाटत नाही. तुम्ही स्वतः कधी बैल विकला का?

काळी_माती

मॅडम एकदम पोलीस चौकशी.

रिद्धपूरकडची

धागा वर आणते, कारण माझ्या गावाचा विषय निघायलाच पाहिजे होता आणि कोणी काढला नाही.

आमचं रिद्धपूर, मोर्शी तालुका. म्हाइंभटांचं लीळाचरित्र, १२७८ च्या आसपासचं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. आता मराठी विद्यापीठही इथंच झालं. तर म्हाइंभटांची अडचण झडतीवाल्यांचीच होती. चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहायच्या, आणि सगळ्या प्रसंगांना आपण हजर नव्हतो. त्यांनी काय केलं? मनानं भरलं नाही. जे हजर होते त्यांना विचारलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्यांना विचारलं, बाकीच्यांना गाठून विचारलं. आणि एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ अजूनही सापडतात, अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं. म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर साडेसातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

आणि मराठीत तर ह्यासाठी शब्दच आहे हो, साधा. 'म्हणे'. "बाबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला" म्हटलं तर मी पाहिलं. "हात फिरवला म्हणे" म्हटलं तर कोणीतरी सांगितलं. "हात फिरवला असन" म्हटलं तर मी ओट्यावर बसून मनात पाहिलं. तीन वाक्यं, तीन जागा. बाजाराचा अख्खा प्रसंग 'असन' वर लिहून पाहा. पोरगा ओट्यावर बसून बाजार मनात उभा करतोय, चुकीचा का होईना. मग कोणी विचारणार नाही कसं मालूम, कारण तो मालूम आहे म्हणतच नाही.

काळी_माती

आता एक आठवलं. माझी आजी पण प्रत्येक वाक्याला 'म्हणे' लावायची. "राजा उठला म्हणे, राघूला बोलला म्हणे." इतक्या वर्षांत लक्षात नाही आलं. म्हणजे ती पण स्वतः अंगावर घेत नव्हती, कोणाचं तरी ऐकलेलं सांगून राहिली होती. बरं मॅडम, अर्धं पटलं.

चहा_कमी_साखर

इतिहासात नोंद करा, काळी_मातीला अर्धं पटलं म्हणे.

पुण्यातला_वऱ्हाडी

महाभारतही असंच आहे की. सौती शौनकादिकांना सांगतो, सौतीनं ऐकलं वैशंपायनाकडून, आणि आत युद्ध सांगायला संजय. गीतेचा पहिलाच श्लोक धृतराष्ट्राचा प्रश्न आहे, माझे आणि पांडूचे काय करत आहेत म्हणून. 'माझे' आणि 'पांडूचे'. आंधळा कुठल्या बाजूनं पाहतोय ते एका शब्दात कळलं.

बैलबाजार_रिटायर

इथी धुऱ्याचं, म्हंजे वावराच्या बांधाचं, बी तसंच असते. दोघं भाऊ एकाच धुऱ्याची गोठ सांगतात, अन् दोघायच्या गोठीत धुरा अलग जागी असते.

झडतीवाला

मंडळी, चार दिवस आलो नाही, माफ करा. मास्तरीणबाईंनी तो प्रश्न विचारला आणि मी मोबाईल ठेवून दिला.

हो. चार वर्षांपूर्वी मी माझी जोडी विकली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, चारा परवडत नाही, पोरगा शहरात, कारणं सगळ्यांच्या घरी सारखीच आहेत. घेणाऱ्यानं दात पाहिले तेव्हा मी दुसरीकडं तोंड केलं होतं. ते दाताचं वाक्य माझं आहे. बाबांच्या डोक्यात मी माझंच सामान नेऊन ठेवलं होतं, आणि बायकोला ते ओळखू आलं असावं, कारण त्या दिवशी ती गोठ्यातच होती. तिनं तेव्हा काही म्हटलं नाही.

मग रिद्धपूरकडचीनं सांगितलं तसं केलं. मायला विचारलं. माय आता ऐंशीच्या वर, ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की. तिला म्हटलं बैल विकला त्या दिवशी बाबा बाजारात काय काय म्हणाले होते.

"मले काय मालूम? मी का बाजारात गेलती?" (सासू सून दोघी एकाच मातीच्या.)

म्हटलं घरी आल्यावर काही बोलले का. म्हणे, "काई नाई. दावं खुंटीले टांगलं, हातपाय धुतले, जेवले. दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, दिवसभराचा उपाशी मानूस."

मी म्हटलं नाही माय, बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. मला चांगलं आठवतं, ताट तसंच राहिलं होतं, तुझं पिठलं सुकून गेलं होतं.

माय माझ्याकडं पाहत राहिली. म्हणे, "थे ताट तुह्यं होतं बे. तूच नाई जेवला. तुहा बाप म्हने, राहू दे त्याले, सकाळी खाईन थो."

आता मला सांगा, ही गोष्ट मी तीस पस्तीस वर्षं लोकांना सांगून राहिलो. बाबा जेवले नाहीत म्हणून. माझ्या पोरांना सांगितली. बाबांच्या तेराव्याला रडत रडत सांगितली, आणि माय तिथंच बसली होती, काही बोलली नाही.

ओंबी

बाप्पा.

पंच_नंबर_दोन

समक्ष हजर राहून पाहणी केली असता.

मास्तरीणबाई

झडतीवाले, तुमची गोष्ट आता झाली. बाजार काढून टाका नाहीतर 'असन' वर ठेवा, पण ताट सोडू नका.

काळी_माती

मी म्हणतो मायचं काढा. शेवट बाबा न जेवता झोपतात हाच चांगला. गोष्ट आहे ती, सातबारा नाही. खरं काय झालं ह्याच्याशी वाचकाला काय करायचं?

झाडीपट्टीचा_पडदा

नाही हो. भरपेट जेवणारा बाप जास्त लागतो. दिवसभर काही खाल्लं नाही, का खाल्लं नाही ते कोणी विचारलं नाही, आणि दोन भाकरी जास्त. स्टेजवर मी हाच बाप करीन.

लिंबाखालची

दोन्ही ठेवा. आधी पोरगा सांगतो तसं, मग माय. आणि मधे काही समजावून सांगू नका.

झडतीवाला

दोन्हीच ठेवतो आहे. काल रात्री बसलो. बाजार अर्ध्या पानाचा झाला, सगळा असा: "दलालानं दुपट्टा टाकला असन. बाबा पावसाचं बोलले असन. मी ओट्यावर बसून खडे मोजत होतो, शंभर झाले की बाबा दिसतील, मग पुन्हा शंभर." बैलबाजारवाले काका, तुमचा दुपट्टा उसना घेतला, चालेल ना. गळा बिळा सगळा काढून टाकला. भाषा ओंबी म्हणते तशी केली, 'मले' नी 'तुले'. आधी लाज वाटत होती, आता मोकळं वाटते.

बायकोला वाचून दाखवली. ह्या वेळी भाकरी थापणं थांबलं नाही. ताटाचं आलं तेव्हा म्हणाली, "हे मायनं सांगतलं का?" म्हटलं हो. म्हणाली, "मीठ द्या तिकडचं."

बैलबाजार_रिटायर

दुपट्टा घे भौ. वापस नोको करू.

तुरीचं_कुटार

सगळं झालं. मी पहिल्या दिवशी एक साधा प्रश्न विचारला होता. बैलाचं नाव?

झडतीवाला

भाऊ तुमची माफी मागतो. गोष्टीत मी 'ढवळ्या' लिहिलं आहे. आत्ता तुमच्यासाठी मायला पुन्हा विचारलं, तर म्हणते ढवळ्या आधीच्या साली मेला, विकला तो हिऱ्या. मला हिऱ्या नावाचा बैल अजिबात आठवत नाही. बसतो पुन्हा लिहायला.